एक रोप, पाच प्रजाती

नवी वनस्पती सापडली, असे आपण सहज म्हणतो. परंतु वनस्पतिशास्त्रात सापडणे ही केवळ सुरुवात असते. तिचे नेमके नाते ठरविण्यास कधीकधी दीड शतकही लागते. हिमालयाच्या अतिउंच भागात वाढणारे, मोहरीच्या कुलातील एक लहानसे रोप याची साक्ष देते.

फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ व्हिक्टर जाक्माँ १८२९ मध्ये भारतात आले. हिमालयात हिंडून त्यांनी वनस्पती गोळा केल्या. ७ डिसेंबर १८३२ रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथात कँबसेद यांनी या रोपाचे वर्णन ‘कायरँथस हिमालयेन्सिस’ या नावाने केले.

क्रूसासारख्या मांडणीच्या चार पाकळ्या, चार लांब व दोन आखूड पुंकेसर आणि शेंगेसारखे फळ ही मोहरीच्या कुलाची लक्षणे होत. त्यामुळे कुल चटकन ओळखता येते. प्रजाती ठरविणे मात्र कठीण. थंडी व वारा यांना तोंड देताना दूरच्या नात्यातील रोपेही बुटकी, लवदार आणि एकमेकांसारखी होतात. म्हणून अभ्यासक फळे, बिया व लव बारकाईने तपासतात.

पुढे शुल्झ यांनी हे रोप ‘एर्मानिया’ प्रजातीत घातले, तर १९५५ मध्ये जाफरी यांनी ‘ख्रिस्टोलिया’त. त्याच वर्षी गढवालमधील कामेत शिखराच्या मोहिमेत नरेंद्र धर जयाळ यांना ते सुमारे ६,४०० मीटर उंचीवर आढळले. ही विक्रमी नोंद ‘एर्मानिया’ याच नावाने प्रसिद्ध आहे. २००० मध्ये इहसान अल-शेहबाज यांनी ते ‘डेसिडेरिया’त नेले. अखेर डीएनएच्या पुराव्यानंतर २००८ मध्ये यूए, अल-शेहबाज व सुन यांनी त्याचा समावेश ‘सोल्म्स-लाउबाकिया’ प्रजातीत केला.

प्रजाती चार वेळा बदलली, तरी ‘हिमालयेन्सिस’ हे जातिनाम टिकले. कारण रोप दुसऱ्या प्रजातीत गेले तरी मूळ जातिनाम कायम ठेवावे, असा नामकरणाचा नियम आहे. याच धाग्याने जुन्या नोंदी जोडता येतात. तो तुटला, तर एकच रोप पाच वनस्पती म्हणून मोजले जाईल आणि ते कोठे उरले, कोठून नाहीसे झाले, हे सांगता येणार नाही.