ढालीवर मेंढरू का नाही?

आमच्या टीममधला एक जर्मन सहकारी अंगठी घालतो. तिच्यावर छोटी ढाल आणि ढालीत गिरणीचं चाक. एकदा विचारलं तर म्हणाला, "आमचे पूर्वज पाणचक्कीवर पीठ दळायचे. हे घराण्याचं चिन्ह." मग त्याने विचारलं, "तुमचं काय?" मी हसून विषय बदलला.

मी जामखेड तालुक्यातला. आजोबा मेंढरं राखायचे. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर मी 'घरी शेती आहे' एवढंच सांगायचो.

त्या रात्री वाचत बसलो. बाराव्या शतकात युरोपातले सरदार ढालींवर घराण्याच्या खुणा रंगवू लागले. चेहरा शिरस्त्राणात झाकलेला, मग गर्दीत माणूस ओळखायचा तो खुणेवरून. कुलचिन्हाला जर्मन लोक 'वापेन' म्हणतात; शस्त्राचा 'वाफे' हा त्याच शब्दाचा भाऊ. पुढे तिथल्या कारागिरांनी आणि शेतकऱ्यांनीही आपापली चिन्हं घेतली. म्हणून पीठ दळणाऱ्याच्या ढालीवर चाक आलं.

मग आठवले होळकर. अहिल्यादेवींचा जन्म १७२५ चा, आमच्याच तालुक्यातल्या चौंडीचा. २०२४ मध्ये जिल्ह्यालाही त्यांचं नाव मिळालं. त्यांच्या सासरच्या घराण्याचं चिन्ह आजही इंदूरला दिसतं. त्यात सूर्य, छत्र, तलवार, भाला, घोडा आणि नंदी आहेत. सोबत गव्हाच्या ओंब्या आणि अफूची बोंडं. खाली संस्कृत ब्रीद, त्याचा आशय असा की प्रयत्न करणाऱ्याला यश मिळतं.

घोडा पाहिला की मला जेजुरी आठवते. होळकरांचं कुलदैवत खंडोबा, त्याचं वाहन घोडा. खंडोबा शंकराचा अवतार, म्हणून नंदीही परका वाटत नाही. त्याचा वार रविवार, म्हणजे सूर्याचा. गहू आणि अफू ही माळव्याची पिकं. ही अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जायची आणि त्यात भरपूर पैसा होता.

पण हे चिन्ह अहिल्यादेवींनी पाहिलंच नव्हतं. त्या १७९५ मध्ये गेल्या. १ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं. त्यानिमित्त संस्थानिकांना युरोपीय धाटणीची निशाणं वाटली गेली. त्यांवरची चिन्हं बेतली होती रॉबर्ट टेलर या बंगालमधल्या इंग्रज अधिकाऱ्याने. निशाणांच्या पितळी काठ्या इतक्या जड होत्या की ती उचलताना माणसांची दमछाक झाली.

धनगराच्या घरात वाढलेल्या मल्हाररावांनी उभं केलेलं हे घराणं. देव, शस्त्रं, पिकं, सगळं चिन्हात आलं. मेंढरू तेवढं राहिलं. दरबारात मांडायच्या ढालीवर ते शोभलं नसतं, असं कुणी ठरवलं का, की कुणाला सुचलंच नाही? वाचता वाचता हॉस्टेलवरचा मी आठवलो. मीही तेच केलं होतं.

आणि आठवली आजोबांची गेरूची वाटी. चार वाडे एकत्र बसले की कळप मिसळायचे. म्हणून आमच्या प्रत्येक मेंढराच्या पाठीवर दोन आडव्या तांबड्या रेघा असायच्या. पाऊस पडला की त्या फिकट व्हायच्या, आणि आजोबा पुन्हा ओढायचे. गर्दीत लांबून आपलं ओळखू यावं, एवढ्यासाठीच.

पुढच्या कॉलवर मी सहकाऱ्याला म्हणालो, "आमचंही आहे." कागदावर मेंढरू काढलं, त्याच्या पाठीवर दोन रेघा मारल्या आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. "माझे आजोबा धनगर होते," मी म्हणालो. बाकीची टीमही ऐकत होती.