ब्रह्मदेवाच्या घड्याळात साडेअकरा

२७ ऑगस्ट २०२५. नोएडातल्या बाराव्या मजल्यावर गणपती बसतोय. बाबा सोवळं नेसून पाटावर आहेत. गुरुजींनी ‘हाताला हात लावा’ म्हटलं म्हणून तू बाबांच्या मनगटाला बोटं टेकवून बसली आहेस. लक्ष मोदकांकडे. गुरुजी मात्र एका दमात काहीतरी लांबलचक म्हणतायत, आणि मोठी माणसं ते ऐकत नाहीत. तू ऐक.

हा संकल्प. पूजेला बसलेल्याने आपण कुठे आणि केव्हा आहोत ते देवाला सांगायचं, सगळ्यात मोठ्या मापापासून सुरुवात करून. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा उत्तरार्ध, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावी युगांची चौकडी, त्यातलं कलियुग, त्याचा पहिला चरण. मग भरतवर्ष, मग नदी. पैठणला असते तर गुरुजी गोदावरी म्हणाले असते. इथे ते क्षणभर अडखळतात आणि यमुनेचं नाव घेतात. शेवटी शके १९४७.

१९४७ ऐकून तू मान वर करतेस. ते स्वातंत्र्याचं साल नव्हे, शालिवाहन शक. त्यात ३१७९ मिळव. ५१२६. कलियुगाची एवढी वर्षं सरली. आता बाबांचं मनगट सोडू नकोस. गुरुजी मोठ्याकडून लहानाकडे आले, आपण उलटं जाऊ.

पहिला थांबा जवळचाच, २२ मार्च १९५७. मेघनाद साहा यांच्या समितीने देशासाठी एकच पंचांग सुचवलं, आणि आज सरकारने १ चैत्र १८७९ हा दिवस अधिकृत केलाय. भारताच्या राजपत्रावर आता इंग्रजी तारखेशेजारी शकाची तारीखही छापली जाईल. ३१७९ मिळवायची युक्ती तिथेही चालते, पण साहेबलोक ती करत नाहीत. चल पुढे.

१७२४. चुन्याचा वास, विटांचे ढीग, गवंड्यांचा आरडाओरडा. जयपूरवाले सवाई जयसिंह जंतरमंतर बांधून घेतायत. आजच्या दिल्लीत सम्राट यंत्राच्या पायऱ्या चढू देत नाहीत, पण इथे तुला कोण अडवणार? चढ. खाली बाजूच्या कमानीवर या जिन्याची सावली सरकते आणि वेळ दाखवते. तुझ्या मनगटावरचं घड्याळ साधारण २१ मिनिटं पुढे आहे, कारण ते मिर्झापूरजवळच्या रेखांशाची वेळ सांगतं आणि सावली दिल्लीची. जयसिंहाच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचा पंडित आहे. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचं ज्योतिष तो अरबीतून संस्कृतात आणेल. मूळचा महाराष्ट्रातला, मराठीत हाक मारलीस तर ओ देईल. आणखी तेरा वर्षांनी बाजीराव इथून जवळच, तालकटोऱ्यापाशी, बादशाही फौजेशी लढणार आहे. ते तुला शाळेत सांगतीलच. आपलं काम वेगळं आहे.

इथे वरच बस आणि हिशेब कर. कलियुग ४,३२,००० वर्षांचं. द्वापर त्याच्या दुप्पट, त्रेता तिप्पट, कृत चौपट. चारही मिळून ४३,२०,०००. अशा हजार चौकड्या झाल्या की ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे एक कल्प: ४३२ कोटी वर्षं. रात्रही तेवढीच. आता ब्रह्मदेवाचा दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि संध्याकाळी सहाला संपतो असं धर. बारा तास म्हणजे ४३,२०० सेकंद. बघ, ४३२ हा आकडा परत आला! त्यामुळे भागाकार सरळ सुटतो: त्याच्या एका सेकंदात आपली एक लाख वर्षं जातात. शंभर वर्षांचं आपलं आख्खं आयुष्य म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. आणि या कल्पाची १,९७,२९,४९,१२६ वर्षं झाली, म्हणजे त्याच्या घड्याळात आत्ता सकाळचे साडेअकरा वाजायला आलेत.

गंमत अशी की त्याने नुकतीच पन्नाशी ओलांडली. एकावन्नाव्या वर्षाचा हा पहिला दिवस.

कलियुगाची सरलेली ५१२६ वर्षं या घड्याळात किती? सेकंदाचा विसावा हिस्सा. तुझी पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. आजी टीव्हीवरच्या बातम्या बघून ‘घोर कलियुग’ म्हणते ना? तिला सांग, पोथ्यांच्या मते अजून नीट उजाडलेलंही नाही. प्रत्येक युगाच्या दोन्ही टोकांना संध्या असते, आणि कलीची पहाटेची संध्या ३६,००० वर्षांची आहे.

बरं, सगळ्यांनाच आपला काळ वाईट वाटतो असंही नाही. १२७६ मध्ये पालमला उतर. आज तिथून जवळच विमानतळ आहे. उद्धर नावाच्या सावकाराने विहीर बांधली आहे आणि तिच्यावर संस्कृत शिलालेख बसवतोय. दिल्लीच्या गादीवर सुलतान बल्बन. लेखात त्याची इतकी स्तुती आहे की याच्या राज्यात विष्णूही निर्धास्तपणे क्षीरसागरात झोपलाय असं कवी म्हणतो. युग बुडायला आलं की धावत येणारा विष्णू, त्याला सुट्टी! खुशामत आहे हे उघड, पण रडगाण्यापेक्षा बरी.

आता लांब उडी. मेरठच्या पलीकडे, गंगेच्या जुन्या पात्राशी, हस्तिनापूर. मेरठ जिल्हा आता राजधानी क्षेत्रात मोडतो, म्हणजे कलियुगाचं माहेर कागदोपत्री आपल्याच भागात आलं. श्रीकृष्ण गेला, पांडव गेले, गादीवर अर्जुनाचा नातू परीक्षित. वाटेत त्याला एक बैल दिसतो, एकाच पायावर उभा. कृतयुगात त्याला चार पाय होते, त्रेतात तीन, द्वापरात दोन. हा धर्म. शेजारी रडणारी गाय, ती पृथ्वी. आणि राजाचा पोशाख घातलेला एक माणूस दोघांना बडवतोय. तो कली.

परीक्षित तलवार उपसतो. कली पाय धरतो: मी राहू तरी कुठे? आणि राजा त्याला जागा नेमून देतो. जुगार, दारू, दुराचार, हिंसा, आणि कली आणखी मागतो म्हणून सोनं. तू विचारशील, मारून का नाही टाकलं? भागवताचं उत्तर मला फार आवडतं: या युगात चांगलं करण्याचा नुसता विचारही फळतो, हा त्याचा गुण राजाने ओळखला होता. आपले वारकरी कीर्तनकार तेच सांगतात. कृतयुगात ज्यासाठी हजारो वर्षं तप लागायचं, ते कलीत नामाने होतं. मुलांना बैलाचे तुटलेले पाय दाखवायचे आणि ही सवलत गाळायची, हा अन्याय आहे.

पुढची गोष्ट मुलांना सांगतात तशी: कली राजाच्या सोन्याच्या मुकुटात शिरला, राजाने ध्यानस्थ ऋषींच्या गळ्यात मेलेला साप टाकला, ऋषिपुत्राचा शाप, सात दिवस, तक्षक. ते सात दिवस परीक्षित शुक्रतालला वडाखाली भागवत ऐकत बसला. हे गाव मुजफ्फरनगर जिल्ह्यात.

आता हस्तिनापूरला परत ये, कारण दुसरा एक माणूस तिथल्या टेकाडावर खणतोय. १९५० ते ५२, पुरातत्त्व खात्याचे बी. बी. लाल. त्यांना राखाडी, काळ्या रेघांची भांडी सापडली, आणि गंगेच्या पुराने वस्ती धुऊन नेल्याच्या खुणा. हस्तिनापूर पुरात गेल्याचं पुराणंही सांगतात. पण ही भांडी फार मागे नेली तरी इसवी सनापूर्वी हजार-बाराशे वर्षांची. कलियुगाचा आरंभ ज्योतिषी धरतात इसवी सनापूर्वी ३१०२, फेब्रुवारीच्या १७ आणि १८ तारखांमधली मध्यरात्र. तो कुणी पाहून लिहिलेला नाही. ग्रहांच्या सरासरी गतीने मागे मोजत गेलं की सगळे मेषेच्या आरंभी एकत्र येतात, असा तो क्षण. आर्यभट सांगतो की कलीची ३६०० वर्षं झाली तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. ते साल ४९९. भांडी वस्तीचा काळ सांगतात, गणित ग्रहांचा. दोघांना एका खुंटीला बांधू नकोस.

तोच मोह दगडांचा. दिल्लीच्या रिजवरचा क्वार्टझाइट दगड सुमारे दीडशे कोटी वर्षांचा. राष्ट्रपती भवनाखालची रायसीना टेकडीही त्याच रांगेतली. ब्रह्मदेवाच्या घड्याळात सकाळी सव्वासातच्या पुढेमागे इथे वाळू साठत होती. बसलं बरोबर! मग कुणीतरी काका येऊन म्हणेल, बघा, ऋषींना सगळं ठाऊक होतं. त्यांना विचार: पृथ्वीचं वय ४५४ कोटी. म्हणजे ती ब्रह्मदेव झोपला होता त्या रात्रीच जन्मली, जेव्हा पोथीप्रमाणे काहीच नसायला हवं. काका विषय बदलतील.

आता उरलं पुढे जाणं. गंगेपलीकडे संभळ. कलियुग संपताना कल्की शंभल ग्रामात जन्मेल असं पुराणं सांगतात, आणि इथले लोक ते आपलंच गाव मानतात. १९ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधानांनी तिथे कल्की धामाची पायाभरणीही केली. कली संपायला अजून ४,२६,८७४ वर्षं आहेत. तू हसतेस. पण ब्रह्मदेवाच्या घड्याळाने ते सव्वाचार सेकंद होतात, आणि दिल्लीच्या आसपासची बांधकामं पाहता संभळवाल्यांनी फार घाई केली असं काही म्हणता येणार नाही.