हिरवळीवर लागलेला शोध

नवी मुंबई वसली ती भातखाचरांवर आणि मिठागरांवर. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पुढे वाशी, नेरूळ, बेलापूर उभे राहिले. शेतात जी हरळी उपटता उपटता शेतकरी मेटाकुटीला येतो, तीच हरळी इथे बंगल्यांपुढे पैसे देऊन लावली जाऊ लागली. तिच्यात उगवणारी एकदांडी, भुईआवळी, लव्हाळा ही मग तणे ठरली. तण ही वनस्पतिशास्त्रातली जात नव्हे, ती माणसाने दिलेली शिवी आहे. असे असताना एखादे रसायन हरळीला धक्का न लावता एकदांडी तेवढी मारते, ते कसे? याचे उत्तर ज्या संशोधनातून मिळाले, त्याचा तणांशी सुरुवातीला काहीही संबंध नव्हता.

चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताचे कोवळे कोंब उजेडाकडे कसे वाकतात याचा अभ्यास १८८० साली प्रसिद्ध केला. कोंबाच्या टोकावर टोपी घातली की तो वाकत नसे. म्हणजे टोकाकडून खाली काही निरोप जात असला पाहिजे. हॉलंडमधील फ्रिट्स वेंट यांनी १९२६ ते १९२८ या काळात हा निरोप पकडला. त्यांनी ओटच्या कोंबांची टोके कापून अगारच्या तुकड्यांवर ठेवली. नंतर यातला एकेक तुकडा टोक नसलेल्या कोंबाच्या एका कडेला बसवला. कोंब अंधारातही वाकला! निरोप रासायनिक होता. त्याला ऑक्सिन हे नाव मिळाले. १९३४ साली कोगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडोल ॲसेटिक आम्ल हे ऑक्सिन वेगळे काढले, तेही माणसाच्या मूत्रातून. (वर्गात हे सांगितले तर मुले हसतील, पण विसरणार नाहीत.)

मग ऑक्सिनसारखे वागणारे पदार्थ प्रयोगशाळेत बनवण्याची चढाओढ लागली. त्यातलाच एक २,४-डायक्लोरोफिनॉक्सी ॲसेटिक आम्ल, म्हणजे २,४-डी. तो कसा बनवावा याचे छोटेसे टिपण रॉबर्ट पोकॉर्नी यांनी १९४१ साली छापले. तण मारण्याचा विचार त्यात कुठेच नव्हता. पण दुसरे महायुद्ध सुरू होते. शत्रूची पिके नष्ट करता येतील का, या प्रश्नाने अमेरिकेत ही संयुगे गुप्तपणे तपासली जाऊ लागली. इंग्लंडमध्येही असेच काम पडद्याआड चालू होते. गुप्ततेमुळे कोणी काय आधी शोधले याचा वाद पुढे बराच चालला, तो आपण सोडून देऊ.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९४४. मार्थ आणि मिचेल या अमेरिकी कृषिखात्यातील शास्त्रज्ञांनी २,४-डी चक्क हिरवळीवर फवारले. डँडेलियनची झाडे पीळ पडून मेली, ब्ल्यूग्रास जसेच्या तसे राहिले. १९४५ साली २,४-डी असलेले तणनाशक तिथल्या बाजारात आलेही.

इथे गंमत अशी की हे विष उपासमार करून मारत नाही, ते वाढीचाच अतिरेक करते. स्वतःचे ऑक्सिन जास्त झाले तर वनस्पती ते मोडून टाकते किंवा बांधून ठेवते. २,४-डी तिला तसे सहज आवरता येत नाही. रुंद पानांच्या द्विदल वनस्पतीत खोड पिळवटते, पेशी वेड्यावाकड्या वाढतात, अन्नवाहिन्या चिरडतात. गवताची पाने अरुंद व उभी असतात, त्यांवरून थेंब ओघळतो. त्यांचा वाढबिंदू आवरणात दडलेला असतो, आणि आत शिरलेले २,४-डी ती बरेचसे निकामीही करतात.

म्हणजे हे रसायन चांगले झाड आणि वाईट झाड असा निवाडा करत नाही. त्याला कळते ते ढोबळमानाने द्विदल आणि एकदल. हिरवळीच्या कडेचे टोमॅटो, शेजारच्या कुंडीतला गुलाब हे त्याच्या लेखी एकदांडीच. कपाशी तर त्याला फारच नाजूक. आदल्या फवारणीनंतर पंप नीट धुतला नाही तरी तिची पाने भेंडीच्या पानांसारखी चिरलेली व अरुंद होतात. माणसाच्या बाबतीत, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली २,४-डी ‘कदाचित कर्ककारक’ या गटात टाकले. व्हिएतनाममधल्या ‘एजंट ऑरेंज’मध्येही ते निम्मे होते, पण त्यातले डायॉक्सिन आले ते दुसऱ्या निम्म्यातून, २,४,५-टी बनवताना. हा फरक वर्तमानपत्रे बहुधा विसरतात. लहान मुले जिथे अनवाणी खेळतात अशा चार-सहाशे चौरस फुटांच्या हिरवळीसाठी आम्हाला खुरपेच बरे वाटते.

शिवाय लव्हाळा उरतोच. तो द्विदल नव्हे. त्याची पाने करपली तरी जमिनीतल्या गाठी पुन्हा फुटतात, आणि एकदांडीने सोडलेली जागा त्याला आयती मिळते. पंजाब-हरियाणाच्या गव्हात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. तिथे ‘गुल्ली डंडा’ हे गवती तण माजले. त्याच्यासाठी आयसोप्रोट्युरॉन हे दुसरे तणनाशक आले, आणि १९९०च्या दशकात गुल्ली डंडा त्यालाही दाद देईनासा झाला. त्याचे शास्त्रीय नाव फॅलॅरिस मायनर. डार्विन पितापुत्रांनी टोप्या घातल्या होत्या त्या फॅलॅरिस कॅनेरिएन्सिसच्या कोंबांवर, म्हणजे त्याच्याच सख्ख्या भाऊबंदावर.