टोपण नको, डबा हवा

इंजेक्शन देऊन झालं की सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही, ती थेट पांढऱ्या, टणक डब्यात टाकायची, हे आज नर्सिंगच्या पहिल्या वर्षातल्या मुलीलाही पाठ असतं. काचेची सिरिंज उकळून वापरायच्या काळात हा प्रश्नच नव्हता. टोपण आलं डिस्पोजेबल सुईबरोबर, आणि वापरलेल्या सुईला टोपण लावणं हाच नीटनेटकेपणा वाटू लागला. एका हातात टोपण, दुसऱ्या हातात रक्ताची सुई आणि लक्ष पुढच्या खाटेवर, असं असताना बोटाला सुई लागली नसती तरच नवल.

रक्तातून कावीळ पसरते, ही शंका जुनी. 1883 साली जर्मनीतल्या ब्रेमेन बंदरात 1,289 कामगारांना देवीची लस टोचली गेली. माणसाच्या शरीरातून काढलेल्या लसीकेपासून ती बनवली होती. पुढच्या काही महिन्यांत त्यातल्या 191 जणांना कावीळ झाली. 1942 मध्ये अमेरिकी सैन्यात पीतज्वराच्या लसीने तेच घडवलं, कारण तिच्यात मानवी रक्तद्रव मिसळलेला होता. तोपर्यंत चर्चा टोचून घेणाऱ्याचीच होती. टोचणाऱ्याकडे, रक्त हाताळणाऱ्याकडे नजर वळली ती 1949 मध्ये, रक्तपेढीतल्या एका कर्मचाऱ्याला झालेल्या काविळीची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापून आली तेव्हा. तरी वॉर्डातल्या सवयी फारशा हलल्या नाहीत.

हादरा दिला एडिंबरोने. 1969-70 मध्ये तिथल्या रॉयल इन्फर्मरीच्या डायलिसिस विभागात हिपॅटायटिस बीची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची, साथ पसरली; रुग्णांबरोबर कर्मचारीही दगावले. मग नेमलेल्या रोझेनहाइम समितीचा अहवाल 1972 मध्ये आला आणि डायलिसिस विभाग शिस्तीला लागले. बाकीची रुग्णालयं मात्र धोका ‘त्या’ विभागाचा मानून मोकळी झाली.

1981 मध्ये अमेरिकेत हिपॅटायटिस बीच्या लसीला परवानगी मिळाली, तेव्हा उड्या पडायला हव्या होत्या. पण ही पहिली लस विषाणू बाळगणाऱ्यांच्या रक्तद्रवापासून बनवलेली, आणि नेमका तेव्हाच एड्सचा बोभाटा सुरू झालेला! डॉक्टर-नर्सच बिचकले. 1986 मध्ये यीस्टपासून बनवलेली लस आली, तेव्हा लसीतून एड्स येण्याची ही शंका उरली नाही.

गंमत अशी, की ज्या एड्सने लस अडवली, त्यानेच सुईचा नियम पुढे रेटला. प्रत्येकाचं रक्त धोक्याचंच समजा, सुईला हाताने टोपण लावू नका, वाकवू नका, असं अमेरिकी सूचनांनी 1987 मध्ये स्पष्ट सांगितलं. टोचलेल्या सुईतून एचआयव्ही लागण्याची शक्यता साधारण 0.3 टक्के, लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीची 30 टक्क्यांपर्यंत. माझ्या मते माणसं आकड्याला नव्हे, बदनामीला घाबरली. फायदा मात्र यकृताला झाला.

आपल्याकडे 1997 मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस आणली. पुढच्याच वर्षी जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले. 2016 च्या नव्या नियमांनी धारदार वस्तूंसाठी पांढरा अर्धपारदर्शक डबा ठरवून दिलाच, शिवाय कचरा हाताळणाऱ्यांसह सर्व आरोग्य कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बीची लस देणं रुग्णालयावर बंधनकारक केलं. सुई शेवटी ज्याच्या हाताला लागते, तो पिशव्या उचलणारा मामा किंवा मावशी असते. लसीचे डोस तीन, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत सहा महिने. कंत्राटावरचा माणूस तोवर त्याच रुग्णालयात असेलच, याची हमी नियमात नाही.