सूर्यावरचा लोट कुलाब्यात पोचतो

तुम्ही नवीन पनवेलला, भारतीय भूचुंबकत्व संस्थेत आहात. समोर कुलाबा वेधशाळेच्या जुन्या नोंदी आहेत. १८५९ चा सप्टेंबर काढा आणि त्या महिन्यात शिरा.

१ तारीख, गुरुवार. मुंबईत दुपारचे चार वाजून गेलेत, इंग्लंडात सकाळचे सव्वाअकरा. तिथे खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन पडद्यावर पाडलेल्या सूर्यबिंबावरचे डाग रेखाटतोय. डागांवर अचानक दोन पांढरेशुभ्र ठिपके लखलखतात आणि पाचच मिनिटांत पन्नास हजारांहून अधिक किलोमीटर सरकून विझतात. सूर्याच्या वातावरणातून विद्युतभारित वायूचा लोट सुटलाय, तो मात्र कुणालाच दिसत नाही. पृथ्वी १५ कोटी किलोमीटरवर आहे. एरवी असा लोट यायला दोन-तीन दिवस घेतो. हा साडेसतरा तासांत येणार आहे.

शुक्रवारी सकाळी तुम्ही कुलाब्याला उभे आहात. जवळचं लोखंड बाहेर ठेवा, चुंबकाला ते चालत नाही. टांगलेला चुंबक किंचित वळला तरी दुर्बिणीतून दिसणाऱ्या मोजपट्टीवरचा आकडा बदलतो. निरीक्षक वाकून आकडा वाचतो आणि वहीत उतरवतो. आकडा आधी थोडा चढतो, मग कोसळत सुटतो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक आजच्या मापात सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली जातो. निरीक्षक वाचत राहतो, लिहीत राहतो. हे सूर्याचं काम आहे हे त्याला सांगणारं अजून कुणी नाही.

लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत चुंबकाची हालचाल नोंदणारी रेषा फोटोच्या कागदाबाहेर निघून गेली. कुलाब्याचे आकडे वहीत राहिले. २००३ साली त्सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना आणि अलेक्स या शास्त्रज्ञांनी त्यांवरूनच त्या चुंबकीय वादळाची ताकद मोजली. १९८९ च्या मार्चमध्ये कॅनडाचा क्वेबेक प्रांत नऊ तास अंधारात लोटणारं वादळ ५८९ नॅनोटेस्लाचं होतं. ही तुलना केली की त्या शुक्रवारचा आवाका कळतो.

आता २ सप्टेंबर २०२३ ला या. श्रीहरिकोट्याहून आदित्य-एल१ हे यान सूर्याच्या अभ्यासासाठी झेपावतंय. त्यावरचा कोरोनाग्राफ सूर्यबिंब झाकून प्रभामंडलातली हालचाल टिपणार आहे. कॅरिंग्टनला न दिसलेला लोट आपल्याला सुटतानाच दिसू शकेल. तो पृथ्वीवर काय करतो, हे मात्र जमिनीवरच्या चुंबकमापकांनाच विचारावं लागेल. कुलाब्याच्या जागी १९०४ पासून अलिबागला सुरू असलेली नोंद म्हणून अखंड राहिली पाहिजे. कुठला दिवस मोलाचा ठरेल हे लिहिणाऱ्याला आधी कळत नाही. म्हणून प्रत्येक दिवस लिहावा लागतो.