अॅरो गलबत आणि सोळा मतें



१८५६ सालच्या ऑक्टोबर महिन्याची ८ तारीख. दक्षिण चीनमधील कँटन शहरापुढें नदींत 'अॅरो' नांवाचें एक लहानसें गलबत उभें होतें. मालक चिनी, खलाशी चिनी. कप्तान तेवढा एक आयरिश तरुण आणि परवाना हाँगकाँगच्या इंग्रज सरकारचा. चिनी शिपाई गलबतावर चढले आणि चांचेगिरीच्या संशयावरून चौदांपैकीं बारा खलाशांना धरून घेऊन गेले. या गडबडींत इंग्रजांचें निशाण खालीं ओढलें गेलें, असें इंग्रजांचें म्हणणें. निशाण फडकतच नव्हतें, असें चिन्यांचें. एवढ्याशा तंट्यांतून जें युद्ध उद्भवलें, तें १८६० सालीं संपलें. त्या युद्धाची हकीकत इतिहासाच्या पुस्तकांतून आपण वाचलेलीच आहे. मला आज सांगावयाचें आहे तें, तें युद्ध लंडनमध्यें थोपवून धरूं पाहणाऱ्या मंडळींविषयीं.

कँटन येथील इंग्रज कॉन्सल हॅरी पार्क्स यानें कैदी परत मागितले आणि लेखी माफीहि मागितली. चिनी व्हाइसरॉय येह मिंगचेन यानें प्रथम नऊ आणि पुढें बाराहि खलाशी पाठविले. माफी मात्र दिली नाहीं. तेवढ्या कारणासाठीं २३ ऑक्टोबर रोजीं इंग्रज आरमारानें तोफा डागण्यास आरंभ केला. मौज अशी कीं, अॅरोच्या परवान्याची मुदत २७ सप्टेंबरलाच संपली होती! हाँगकाँगचा गव्हर्नर सर जॉन बाउरिंग याला हें ठाऊक होतें. या गलबतास आमचें निशाण लावण्याचा अधिकार नव्हता, असें त्यानें स्वतः पार्क्सला लिहून कळविलें. आणि महिनाभरानें येहला मात्र उलट लिहिलें कीं, निशाण कायदेशीर होतें यांत शंकाच नाहीं. हा बाउरिंग तरुणपणीं लंडनच्या शांतता-मंडळाचा कार्यकर्ता होता. अधिकाराची खुर्ची माणसाकडून काय काय करवून घेते पाहा!

हीं दोन्ही पत्रें १८५७ च्या फेब्रुवारींत सरकारनेंच छापून पार्लमेंटपुढें ठेवलेल्या कागदपत्रांत होतीं. रिचर्ड कॉब्डेन यानें तीं बारकाईनें वाचलीं. कॉब्डेन हा शेतकऱ्याचा मुलगा, धंद्यानें कापडवाला. १८४६ सालीं धान्यावरील जकात उठविण्याच्या चळवळीचा तो अग्रणी होता. शिवाय बाउरिंग त्याचा जुना स्नेही. त्यानें २६ फेब्रुवारीस जो ठराव मांडला, त्याची भाषा फार सौम्य होती: कँटन येथें योजिलेल्या हिंसक उपायांना या कागदपत्रांवरून समाधानकारक आधार दिसत नाहीं, आणि चीनशीं असलेल्या व्यापारी संबंधाची चौकशी व्हावी. इतकेंच. युद्ध हें पाप आहे, असा उपदेश त्यानें केला नाहीं. त्यानें सरकारचीच पत्रें सरकारला वाचून दाखविलीं आणि एवढेंच विचारलें कीं, समोर दुर्बळ चीन नसून अमेरिकेसारखें बरोबरीचें राष्ट्र असतें, तर आपण असेंच वागलों असतों काय? माझ्या मतें त्याच्या साऱ्या भाषणाचा प्राण याच प्रश्नांत होता.

लॉर्ड्स सभेंत अशाच अर्थाचा डर्बीचा ठराव १४६ विरुद्ध ११० मतांनीं फेंटाळला गेला होता. तेथें ८४ वर्षांच्या वृद्ध लिंडहर्स्टनें कायद्याचा मुद्दा मोठ्या स्पष्टपणें मांडला होता: चीनच्या प्रजेला चीनच्याच राजाविरुद्ध इंग्रजी निशाणाचें संरक्षण देण्याचा अधिकार हाँगकाँगच्या सरकारला कोठून आला? कॉमन्स सभेंत चार रात्री वाद चालला. ग्लॅडस्टन, डिझरायली, रसेल हे एरवीं परस्परांचें तोंड न पाहणारे पुढारी या प्रश्नावर एकत्र आले. प्रधानमंत्री लॉर्ड पामर्स्टन म्हणाला, ही तत्त्वनिष्ठा नव्हे, मंत्रिमंडळ पाडण्याचा कट आहे. त्यांत मुळींच तथ्य नव्हतें असें नाहीं. विरोधी पक्षाच्या बांकांवर सारेच कॉब्डेन नव्हते. परंतु कॉब्डेनच्या भाषणांत इंग्लंडविषयीं द्वेष भरला आहे, हा जो दुसरा आरोप त्यानें केला, तो निव्वळ अन्यायाचा होता. कागदपत्रांना उत्तर नसलें म्हणजे कागदपत्रें वाचणाराच्या देशभक्तीवर बोट ठेवावयाचें, ही युक्ति तेव्हांहि नवी नव्हती. ३ मार्चच्या रात्रीं मतें मोजलीं गेलीं: ठरावाच्या बाजूनें २६३, विरुद्ध २४७. सोळा मतांनीं सरकार हरलें. सतरा वर्षांपूर्वीं, पहिल्या अफूच्या युद्धाच्या वेळीं, याच पामर्स्टनच्या चिनी धोरणावर आलेला निषेधाचा ठराव अवघ्या नऊ मतांनीं फसला होता.

हिंमत असेल तर मतदारांपुढें जा, असें डिझरायलीनें बजावलें होतें. पामर्स्टन गेला. त्यानें आपल्या मतदारांना सांगितलें कीं, कँटनच्या एका उद्दाम रानटी अधिकाऱ्यानें आपल्या निशाणाचा अपमान केला, इंग्रजांच्या डोक्यांवर बक्षिसें लावलीं, विषप्रयोग योजिले. आतां बक्षिसें लागलीं तीं तोफा सुरू झाल्यानंतर; हाँगकाँगमधील पावांत विष सांपडलें तें तर १८५७ च्या जानेवारींत. म्हणजे परिणाम पुढें आणून त्यालाच कारण ठरविलें! पण परवान्याची मुदत कोणत्या तारखेस संपली, हें ध्यानांत ठेवून मत देणारे किती असणार? निवडणुकींत पामर्स्टनला मोठें यश मिळालें. कॉब्डेन हडर्सफील्ड येथें पडला. त्याचे सहकारी जॉन ब्राइट आणि मिल्नर गिब्सन हे मँचेस्टरमध्यें पडले. ब्राइट तर तेव्हां आजारपणामुळें परदेशांत होता. जकातीच्या चळवळीचें माहेरघर जें मँचेस्टर, त्यानेंच त्यांना नाकारलें.

आपल्या देशाचा या प्रकरणाशीं संबंध दुहेरी आहे. चीनला जाणारी अफू आपल्याच भूमींत पिके. माळव्याची अफू मुंबई बंदरांतून जाई आणि तिच्यावरील कर सरकारच्या तिजोरींत पडे. अॅरोच्या तंट्यांत अफूचा उल्लेख नव्हता. पण १८५८ च्या करारानंतर पेटीमागें ३० टेल जकात ठरवून अफूची आयात कायदेशीर करून घेण्यांत आली. दुसरा संबंध फौजांचा. लॉर्ड एल्जिनबरोबर चीनकडे निघालेल्या पलटणी १८५७ च्या उठावाची बातमी येतांच कलकत्त्याकडे वळविण्यांत आल्या. त्यामुळें कँटन घेण्यास डिसेंबर अखेर उजाडली. पकडलेल्या येहला कलकत्त्यास आणून ठेवलें, आणि १८५९ सालीं तो तेथेंच वारला. मोहिमेचा प्रमुख एल्जिन यानेंच एका खासगी पत्रांत लिहून ठेवलें आहे कीं, अॅरोचें प्रकरण ही आपल्याला लाज आणणारी गोष्ट आहे.

१८५८ च्या फेब्रुवारींत पामर्स्टनचें मंत्रिमंडळ दुसऱ्याच एका प्रश्नावर पडलें. तो ठराव मांडणारा, पुन्हां निवडून आलेला मिल्नर गिब्सन होता. पुढल्या वर्षीं पामर्स्टन परत अधिकारावर आला. त्यानें कॉब्डेनला मंत्रिपद देऊं केलें. इतकीं वर्षें ज्याच्या धोरणाला मीं विरोध केला, त्याच्या मंत्रिमंडळांत मला बसतां येणार नाहीं, असें सांगून कॉब्डेननें तें नाकारलें. त्याच मंत्रिमंडळाच्या कारकीर्दींत, १८६० च्या ऑक्टोबरांत, पेकिंगजवळचा चिनी बादशहाचा उन्हाळी महाल एल्जिनच्या आज्ञेनें जाळण्यांत आला.