जुन्या नोंदींतला ‘ताप’

आपल्या मंडळात हल्ली बऱ्याच जणींना वंशावळीचा छंद लागला आहे. कोणी कुलवृत्तान्त चाळते, कोणी तहसील कचेरीतून गाव नमुना 14ची, म्हणजे आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो त्याची, नक्कल आणते आणि मोडी वाचून घेण्यासाठी जाणकाराच्या घरी खेपा घालते. नावे व वर्षे जुळली की आनंद होतो. मृत्यूच्या कारणाचा रकाना मात्र आपण आजच्या अर्थाने वाचून पुढे जातो. माझे सांगणे त्या रकान्यापुरतेच आहे.

ही नोंद डॉक्टरची नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे. कोतवालाने वर्दी द्यावी आणि पाटलाने वा कुलकर्ण्याने ती लिहून घ्यावी, अशी रीत. घरच्यांच्या डोळ्यांना जे दिसले तेच कागदावर आले. पटकी, देवी ही दुखणी ओळखायला वैद्य लागत नसे. त्या नोंदींवर बऱ्याच अंशी विसंबावे. पण अंग तापून माणूस गेले की ‘ताप’! त्यात हिवताप आला, विषमज्वर आला, फुप्फुसाचा दाह आला, बाळंतिणीचा ज्वरही आला. 1897 साली पुण्यात प्लेगच्या झडत्या सुरू झाल्यावर लोक रोगी लपवू लागले. तेव्हा गाठीचा ताप कागदावर नुसता ताप झाला तर नवल नाही. तान्ह्या मुलांपुढे ‘आकडी’ असते. मूल जन्मून आठवडाभरात गेले असेल, दूध ओढायचे थांबून अंग ताठले असेल, तर तो बहुधा धनुर्वात; नाळ कापायच्या विळ्यातून नाहीतर नाळेवर लावलेल्या राखेतून शिरलेला. आपल्या पणज्या बिचाऱ्या सटवाईला बोल लावीत राहिल्या.

आमच्या घरी बोल लागला तो माझ्या आत्याला. तिच्या जन्मानंतर अकराव्या दिवशी आजी गेली, आणि मुलगी पांढऱ्या पायाची ठरली. लग्नकार्यात हळद लावायला तिला कोणी पुढे बोलावीत नसे. ती आपली स्वयंपाकघरात राबत असे. हे मी स्वतः पाहिले आहे.

आजीची नोंद सापडली ती आश्विन, शके 1840ची. म्हणजे 1918चा ऑक्टोबर. कारण ‘ताप’. मी तेवढ्यावर न थांबता मागची-पुढची पाने वाचून घेतली. आदल्या वर्षी त्या महिन्यात तुरळक नोंदी. या वर्षी पाने भरून ताप, ताप, ताप. एरवी तापाने म्हातारी-कोतारी आणि लेकरे जात. इथे बहुतेक सारी कर्ती, तरणी माणसे. ही इन्फ्लुएन्झाची साथ, खेड्यांतून जिला मानमोडी म्हणत. जून 1918मध्ये ती मुंबईत आली तेव्हा सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरात उलटली ती काळ होऊन. देशात सव्वा कोटीच्या आसपास, काहींच्या हिशेबाने त्याहून पुष्कळ अधिक माणसे दगावली. गरोदर व बाळंत बायकांना तर ती फारच जड गेली.

कोणी म्हणेल, अकरावा दिवस म्हणजे बाळंतज्वर कशावरून नसेल? शंका रास्त आहे. पण आजीच्या पाठोपाठ तिसऱ्या दिवशी त्याच घरात तिचा धाकटा दीर गेला, कारण ‘ताप’, आणि तो काही बाळंत झाला नव्हता. नक्कल मागताना एका ओळीची न मागता महिन्याभराची मागावी, ती एवढ्यासाठी.

वंशावळीत आजीच्या नावापुढे ‘ताप (1918ची मानमोडी)’ असे मी लिहून टाकले आहे. आत्या त्याआधीच वारली होती. आतेबहिणीने त्या पानाची नक्कल मागून नेली.